लायब्ररीतून आणलेली रास

चंद्रभागा नाखवा हिच्या नेमणूकपत्रावर हुद्दा लिहिला आहे, 'लायब्ररियन'. वागळे इस्टेटमधल्या त्या कचेरीत पुस्तक म्हणाल तर एकच, टेलिफोन डिरेक्टरी, आणि तीही कॉम्प्युटरचा पडदा जरा उंच यावा म्हणून त्याच्याखाली सरकवलेली. पण पत्रावर सही आहे, शिक्का आहे. चेंदणी कोळीवाड्यात ही बातमी पसरली तेव्हापासून शेजारणी तिच्याकडे कादंबऱ्या मागतात, आणि ती बिचारी वाचनालयातून स्वतःच्या नावावर आणून देते. हुद्दा मिळाला तर निभवायला नको?

हा हुद्दा तिला मिळाला एकोणीसशे नव्व्याण्णव साली, एका लग्नापायी. लग्न तिचं नव्हे.

चंद्रभागेचा बाप गोमाजी नाखवा. जन्म त्याचा खाडीत गेला. खाडीतली मासळी हटली तशी त्याची होडी किनाऱ्यावर पालथी पडली, आणि तो दुसऱ्यांची जाळी सांधून देऊ लागला. सात वर्षांची असल्यापासून चंद्रभागा जाळ्याचं दुसरं टोक धरून त्याच्यासमोर बसायची. गोमाजीचा एक नेम होता. स्वतःचं जाळं तो डोळे मिटून पाण्यात टाकेल, पण मागून आणलेलं जाळं आधी उन्हात पसरायचं आणि विणीतला डोळा न् डोळा तपासायचा. भरती साधायच्या घाईत असलेले लोक त्याला हसत.

"हसू दे गो," तो लेकीला म्हणायचा. "मांगून आनलेलं जालं हाय. कुनी कुठं फारलं, कुनी कवा सांधलं, आपल्याला काय ठाव? बघून घ्यावं. मंग देवाचं नाव घ्यावं."

"आधी देवाचं नाव घ्यावं नं, बाबा?"

"देव काय पलून जातंय? आधी जालं बघ."

अशा घरात वाढलेली मुलगी. मराठी शाळेत शिकली, रडतखडत बी.कॉम. झाली, आणि इंग्रजी वाचताना अजूनही ओळीखाली बोट धरून वाचायची. सकाळी घरातून निघताना एकवीरेच्या तसबिरीला हात जोडायची आणि नोकरीवर जायची. नोकरी सहदेव सरांकडे.

सहदेव सरांची पाटी हाच त्यांचा इतिहास. आधी 'सहदेव टायपिंग', मग 'सहदेव झेरॉक्स', मग 'सहदेव कॉम्प्युटर्स', आणि अठ्ठ्याण्णव साली पेंटरला बोलावून त्यांनी शेवटचा शब्द 'इंटरनेट' करून घेतला. पेंटरने जुना रंग नीट खरवडला नव्हता. पावसाळ्यात खालचं 'झेरॉक्स' पुन्हा वर यायचं आणि माणसं छत्र्या मिटत आत येऊन विचारायची, "रेशनकार्डाच्या दोन कॉपी मिळतील का?" सर म्हणायचे, "वी आर इन्टू इंटरनेट." माणसं म्हणायची, "बरं, मग एकच द्या."

इंटरनेटचं सगळं काम कुंडलिककडे. कुंडलिक डोंबिवलीचा, केसांना जेल लावणारा, बोटांनी फार वेगवान. त्याची श्रद्धा एकच होती: जगात जे लिहायचं ते सगळं लिहून झालंय, आपण फक्त जोडायचं.

"लायब्ररी म्हणतात याला," तो चंद्रभागेला सांगायचा. "परदेशात कुणीतरी प्रोग्रॅम लिहून ठेवलेला असतो. आपण आपल्या पानात एक ओळ टाकायची, त्यात त्याचा पत्ता. पान उघडलं की तो प्रोग्रॅम तिकडून धावत येतो आणि आपलं काम करतो."

"फुकट?"

"फुकट."

"आणि लिहिणारा कोण?"

"कोण का असेना! अगं, तुला काय त्याच्याशी सोयरीक करायचीये?"

सोयरिकीचंच काम होतं ते, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

झालं होतं असं. डोंबिवली पूर्वेला गोदूबाई बावीस वर्षं वधूवर सूचक केंद्र चालवत होत्या. सर्व ज्ञातींसाठी, घरातल्या पुढच्या खोलीत. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत अकराशे चाळीस कार्डं होती. प्रत्येक कार्डावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, गाव, रास, नक्षत्र. ज्यांची लग्नं जमली त्यांची कार्डं बिस्किटांच्या डब्यात, आणि डब्यावर चिठ्ठी: 'सुटले'. कार्डावर खाडाखोड चालायची नाही. चूक झाली तर कार्ड फाडून नवं लिहायच्या. सहदेव सरांनी त्यांना पटवलं, की अमेरिकेतल्या मुलांना ट्रंक दिसत नाही, त्यांना वेबसाइट लागते. कार्डं टाइप करायला वागळे इस्टेटला आणली तेव्हा गोदूबाई ट्रंकेवर हात ठेवून चंद्रभागेला म्हणाल्या, "हे लोकांचे संसार आहेत हो. एक अक्षर इकडचं तिकडे होता कामा नये."

"नाही होणार मावशी. एकवीरेची आण."

आण घेतलेली माणसंच अडकतात. न घेतलेली मोकळी फिरतात.

चंद्रभागा टाइप करायला बसली. कार्डं एकेक वाचत, बोट धरून. त्यात तीनशे सतरा नंबरचं कार्ड आलं, ते शीलाचं. शीला कल्याणजवळच्या मोहन्याची, तिथल्याच बालवाडीत शिकवणारी, वडील नसलेली. कार्डाच्या पाठीमागे गोदूबाईंनी बारीक अक्षरात सहा नकार टिपून ठेवले होते. एकाला उंची कमी वाटली, एकाला नोकरी, एकाला मोहने लांब वाटलं. स्वतः शीला एकदा फोटो द्यायला कचेरीत आली होती. उठताना चंद्रभागेला म्हणाली, "ताई, माझं नीट टाइप करा हं. आईने यंदाचं वर्ष शेवटचं म्हणून ठरवलंय. नंतर ती कोणाला माझं नाव सांगणार नाही, म्हणते."

साडेतीनशे कार्डं झाल्यावर कुंडलिक मागे येऊन उभा राहिला. "एवढं सगळं काय टाइप करतेस? रासबीस काढून टाक. मी मस्त लायब्ररी शोधलीये. जन्मतारीख दिली की वय आपोआप, वार आपोआप, रास आपोआप."

चंद्रभागेने मान वर केली. "जन्मवेळ विचारत नाही ती?"

"नाही."

"मग रास कशी काढते? चंद्र बघावा लागतो ना?"

कुंडलिक सरांकडे बघून हसला. सरही हसले. "चंद्रावर कोण गेलं होतं? आपण की ते?" सर म्हणाले. "त्यांना चंद्राचं आपण शिकवणार?"

रासेचा रकाना गेला. लायब्ररी राशींची नावं इंग्रजीत देत होती, ती कुंडलिकने डिक्शनरी बघून मराठी केली आणि इंग्रजी अक्षरांत लिहिली, कारण मराठी अक्षरं लोकांच्या पडद्यावर उमटत नसत. लायब्ररीच्या बरोबरीने आणखीही पाहुणे आले. पडद्यावर माउसच्या बाणामागे चांदण्या पळू लागल्या. एक आकडा लागला, आपण कितवे पाहुणे ते सांगणारा, आणि पहिल्याच दिवशी तो चार हजारांवर होता. वरून सबंध पानभर बर्फ पडू लागला.

गुढीपाडव्याला उद्घाटन झालं. गोदूबाई काठापदराची साडी नेसून आल्या, पडद्याला हळदकुंकू वाहिलं, चष्मा पुसला, आणि म्हणाल्या, "मुलींच्या डोक्यावर हा कोंडा कसला पडतोय?"

"अक्षता आहेत मावशी," सर म्हणाले. सरांचं हे कसब वादातीत होतं.

"आणि रास? रास कुठून आणलीत?"

"लायब्ररीतून," कुंडलिक म्हणाला.

गोदूबाई डोंबिवलीच्या. लायब्ररी म्हटलं की त्यांना एकच ठाऊक, पुस्तकांची. "असं का? मग वाचून बघितलीत ना आधी? पुस्तक स्वतः न वाचता मी कुणाच्या लेकीसुनेच्या हातात देत नाही हो."

सगळे हसले. चंद्रभागाही हसली. हे हसणं तिला पुढे फार दिवस आठवत राहिलं.

गोदूबाईंना स्वतःला पडदा लागत नव्हता. त्यांनी एप्रिलमध्ये नेहमीसारखी ट्रंक उघडली आणि शीलाच्या कार्डाशेजारी विठ्ठलचं कार्ड ठेवलं. विठ्ठल कल्याणचा, टेलिफोन खात्यातला, अबोल. त्याची रास कुंभ, तिची मिथुन. नवपंचम, म्हणजे लग्नाला उत्तम योग. दोघं दोनदा भेटली आणि दुसऱ्या भेटीत विठ्ठल आपणहून पूर्ण दोन वाक्यं बोलला, तेव्हाच गोदूबाईंनी ओळखलं की जमलं. नऊ मेचा रविवार साखरपुड्याला धरला. सोळा तारखेपासून धोंड्याचा महिना लागत होता, त्याच्या आत उरकायचं. शीलाच्या आईने मोहन्यात अर्ध्या वस्तीला सांगूनही टाकलं. सहा नकारांनंतरचं गप्प बसणं एकदम बाहेर पडलं, दुसरं काय.

आणि एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी विठ्ठलचे वडील, सीतारामराव, गोदूबाईंच्या दारात उभे राहिले. हातात एक कागद. पुतण्याने ऑफिसात वेबसाइट उघडून शीलाच्या पानाचा प्रिंटआउट काढून दिला होता. सीतारामरावांनी त्याला लॅमिनेशन करून घेतलं होतं.

"गोदूबाई, तुमच्या कार्डावर मुलीची रास मिथुन. इथे छापलंय कन्या. कन्या आणि कुंभ म्हणजे षडाष्टक! सहा स्थळं हातची गेली म्हणून तुम्ही रास फिरवलीत?"

"मी?" गोदूबाई म्हणाल्या. बावीस वर्षांत असा आळ त्यांच्यावर कुणी घेतला नव्हता.

"तुम्ही म्हणा, मुलीची आई म्हणा. माणूस खोटं बोलेल, कॉम्प्युटर का बोलेल? त्याला काय मुलगी उजवायचीये? बुधवारी घरी या. नाही पटलं तर साखरपुडा मोडला म्हणून समजा."

गोदूबाईंनी चंद्रभागेला फोन केला. रागावल्या नाहीत, तेच वाईट. एवढंच म्हणाल्या, "बाळ, तू आण घेतली होतीस ना गं?"

चंद्रभागेने फोन ठेवला. तिने कुंडलिकला गाठलं. "ती लायब्ररी उघडून दाखव."

"उघडून? लायब्ररी उघडत नाहीत, वापरतात."

"तू वाचलीच नाहीयेस?"

"कोण वाचतं? जगात हजारो लोक वापरतायत. त्यातल्या कुणीतरी वाचली असेलच की."

ते हजारो लोकही हेच धरून चालले असणार. तिने पत्ता घेतला, लायब्ररी उतरवली आणि डॉट मॅट्रिक्सवर छापली. एकाला एक जोडलेले नऊ कागद निघाले. रविवारी सकाळी तिने ते कोळीवाड्याच्या अंगणात, सुकत घातलेल्या बोंबलांच्या शेजारी, लांबलचक पसरले. वाऱ्याने उडू नयेत म्हणून गोमाजीने कडेला जाळ्याची शिशाची वजनं मांडली आणि दुसरं टोक धरून तो खाली बसला.

"कुनाचं जालं हाय गो?"

"परदेशातल्या एकाचं, बाबा."

"न् होरी?"

"होडी आपली. आत बसलेली माणसं गोदूमावशीची."

"न् जालं न बघता टाकलंव?" गोमाजीने लेकीकडे बघितलं. "हे मी शिकवलं नाय तुला."

ती बोट धरून वाचू लागली. अवघड कोड तिला सगळा कळत नव्हता, पण सुरुवातीला साध्या इंग्रजीत चार ओळी होत्या, माणसाने माणसाला लिहिलेल्या. शब्दकोश मांडीवर घेऊन तिने त्या लावल्या. लिहिलं होतं: 'माझ्या मुलीच्या सातव्या वाढदिवसाच्या पार्टीसाठी हे केलं. गंमत म्हणून खुशाल वापरा. माझं नाव राहू द्या. आपल्या जागी उतरवून घ्या, माझ्या कॉम्प्युटरवरून चालवू नका. आणि कृपा करून कुठल्याही गंभीर कामाला लावू नका.'

तिने चारही ओळी दोनदा वाचल्या. त्या भल्या माणसाने पहिल्याच पानावर हात जोडून सांगितलं होतं. आणि इकडे त्याचं नाव काढून खाली 'निर्मिती: सहदेव इंटरनेट' असं टाकलेलं होतं.

पुढे फुगे होते. केक होता. प्रत्येक महिन्याचं फूल होतं, खडा होता. आणि सहाव्या कागदावर त्या बारा ओळी. या तारखेपासून त्या तारखेपर्यंत जन्म असेल तर ही रास. बस. चंद्र नाही, वेळ नाही, गाव नाही. शीलाचा जन्म चौदा सप्टेंबरचा, म्हणून कन्या. सप्टेंबरच्या पहिल्या तीन आठवड्यांत जन्मलेलं ठाणे जिल्ह्यातलं एकूण एक माणूस या हिशोबाने कन्या, मग तो मिशा असलेला पैलवान का असेना. पेपरात येतं तसं साहेबी भविष्य होतं ते, सूर्यावरचं. आपली रास चंद्रावरची. ओळीगणिक स्वभावाचं एक वाक्यही दिलेलं होतं, पार्टीत वाचून हसायला.

"सापरलं भोक?" गोमाजीने विचारलं.

"भोकच आहे सगळं, बाबा. दोरा कुठे आहे ते शोधतेय."

सोमवारी तिने ते कागद सरांपुढे ठेवले. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मुलीच्या नावापुढे 'कन्या' लिहिलंय ना?" ते म्हणाले. "मग बरोबरच आहे की. कन्याच आहे ती."

"सर, मुलांच्याही पुढे लिहिलंय. एकशे सात मुलांच्या."

सर थोडे गंभीर झाले. "हे बघ चंद्रभागा. पत्रकात आपण काय छापलंय? 'कॉम्प्युटर चुकत नाही.' पाच हजार पत्रकं वाटलीयेत. आता तू कल्याणला जा आणि सांग की कार्डावरच चूक होती. गोदूबाईंचं वय झालंय. लोक समजून घेतात. तुझं पर्मनंटचं पत्र मी या ड्रॉवरमध्ये तयारच ठेवलंय."

"आणि शीलाचं काय, सर?"

"कोण शीला?"

कागदांची घडी घालून चंद्रभागेने पिशवीत ठेवली.

बुधवारी ती कल्याणच्या बसमध्ये बसली. शीळफाट्याला एक ट्रेलर आडवा झाला होता आणि बस तासभर हलली नाही. लोक उतरून उसाचा रस पिऊन आले. चंद्रभागेने पिशवीतून कागद काढले. शीलाचं पान होतंच. सहज म्हणून तिने विठ्ठलचंही पान छापून आणलं होतं, ते वर आलं. विठ्ठलचा जन्म दहा मे. कॉम्प्युटरने त्याची रास दिली होती वृषभ.

ती बोटांवर मोजू लागली. वृषभ, मिथुन, कर्क, सिंह, कन्या. पाचवी. म्हणजे वृषभ आणि कन्या, नवपंचम! पुन्हा मोजलं. तेच. कार्डाशी कार्ड लावलं तर नवपंचम. कॉम्प्युटरशी कॉम्प्युटर लावलं तरी नवपंचम. सीतारामरावांनी मुलगी कॉम्प्युटरची घेतली होती आणि मुलगा कार्डावरचा, अर्धं उसनं, अर्धं घरचं, म्हणून षडाष्टक झालं होतं.

तिला आधी हसू आलं आणि मग तिने ते पान घाईने उलटं ठेवलं. कारण आता किती सोपं होतं! जाऊन एवढंच म्हणायचं, कॉम्प्युटर बरोबर आहे, मुलाचीही रास त्याच्यातलीच धरा. साखरपुडा होईल, सर खूश, ड्रॉवरमधलं पत्र हातात. खोटं एकच बोलायचं. आणि मग गोदूमावशीचं कार्ड खोटं ठरायचं ते ठरायचंच, आणि उरलेली सगळी माणसं त्या वाढदिवसाच्या केकवर आपले संसार मांडणार.

'आई एकवीरे,' ती खिडकीबाहेर बघत मनात म्हणाली, 'लग्नही वाचव आणि खोटंही बोलायला लावू नकोस. दोन्ही मागतेय, माहीत आहे मला.'

ट्रेलर हलला.

कल्याणला सीतारामरावांच्या बैठकीत गोदूबाई आधीच येऊन बसल्या होत्या, मांडीवर कार्ड, पदर घट्ट लपेटलेला. शीला आणि तिची आई मोहन्याहून येऊन कोपऱ्यात बसल्या होत्या, बोलावणं नसताना. विठ्ठल दाराच्या चौकटीला टेकून उभा. टीपॉयवर लॅमिनेशन केलेला तो कागद.

"बोला मुली," सीतारामराव म्हणाले. "कॉम्प्युटरकडून तुम्ही आलात ना?"

"हो. कॉम्प्युटर चुकलाय, काका," चंद्रभागा म्हणाली. "मावशींचं कार्ड बरोबर आहे. चूक आमची. ती रास आम्ही न वाचता उसनी आणली."

"कॉम्प्युटर चुकला?" सीतारामरावांनी पत्रक काढून पुढे धरलं. "हे तुमचंच ना? म्हणजे तू कॉम्प्युटरपेक्षा शहाणी?"

"नाही काका. मी फक्त वाचलं. तुमची जन्मतारीख सांगता?"

"पाच नोव्हेंबर अडतीस. का?"

चंद्रभागेने सहावा कागद उलगडला आणि ओळीखाली बोट धरलं. "वृश्चिक. फूल शेवंती. स्वभाव..." ती अडखळली.

"वाच, वाच."

"स्वभाव हट्टी. एकदा मनात घेतलं की सोडत नाही. केकचा मोठा तुकडा मागतो."

"बाबा," दारातून विठ्ठल म्हणाला, "हे मात्र बरोबर आहे."

शीलाच्या आईनेसुद्धा पदर तोंडाला लावला. सीतारामराव खाकरले. "माझी रास धनू आहे! काहीतरीच छापलंय."

"तेच म्हणतेय काका. हे एका परदेशी पोरीच्या वाढदिवसाला केलेलं आहे. हे बघा विठ्ठलदादांचं पान. त्यांना वृषभ दिलीये."

"वृषभ? माझ्या मुलाची रास कुंभ! आमच्या गुरुजींनी स्वतः मांडलेली पत्रिका आहे!"

"मग गुरुजी खरे की कॉम्प्युटर?" गोदूबाईंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

सीतारामराव दोन्ही कागद शेजारी धरून बघत होते आणि त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून आपोआप सरकू लागला. वृषभ, मिथुन, कर्क. चंद्रभागेला कळलं काय होणार ते. ती घाईने म्हणाली, "काका, तसं नका मोजू. ते दोन्ही खोटं आहे."

पण ते कन्येपर्यंत पोचले होते. चेहरा उजळला. "अहो, हे तर नवपंचम! गोदूबाई, कॉम्प्युटरनेही नवपंचम दिलंय!"

"आणि कार्डांनीही," गोदूबाई म्हणाल्या.

"म्हणजे दोन्हीकडून! अहो, असा योग लाखात एक!"

"पण कॉम्प्युटरचं खोटं..." चंद्रभागा म्हणाली.

"असू दे गं. खोट्यातही जमतंय म्हणजे किती घट्ट असेल!"

यापुढे खरं बोलण्यात अर्थ नव्हता, ते आधीच बोलून झालं होतं. चंद्रभागेला एकच धसास लावायचं होतं. "काका, मग मावशींना तुम्ही जे बोललात..."

"हां, हां. गोदूबाई, तुमचं कार्ड अगदी बरोबर. कॉम्प्युटरशी जुळलं."

"माझं कार्ड कुणाशी जुळायला मी लिहीत नाही हो," गोदूबाई म्हणाल्या. "हे दोघं जुळले तर बघा." आणि त्यांनी शीलाला हाताला धरून कोपऱ्यातून पुढे आणलं. विठ्ठल म्हणाला, "मला कार्ड पण नको होतं." त्याच्या मानाने भाषणच ते. शीला रडत होती की हसत होती ते तिच्या आईलाही कळलं नाही.

निघताना सीतारामरावांनी चंद्रभागेकडून विठ्ठलचं पान मागून घेतलं. लॅमिनेशनला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत ती सरांच्या टेबलासमोर उभी राहिली. "सर, मी खरं सांगून आले. पत्र फाडायचं तर फाडा, पण त्याआधी मला ती ओळ काढू द्या."

सर बराच वेळ तापले. कुंडलिकने बजावलं, "ती ओळ काढलीस तर वय पण जाईल, वार पण जाईल, सगळं त्याच्यावरच टांगलंय." तसंच झालं. ओळ काढल्याबरोबर अकराशे चाळीस माणसांची वयं नाहीशी झाली. गोदूबाई फोनवर म्हणाल्या, "तरुण झाले बिचारे." चंद्रभागेने त्या परदेशी माणसाच्या कोडातलं वय मोजायचं तेवढं आपल्या जागी उतरवून घेतलं, पुरतं वाचून, वर त्याचं नाव ठेवून. फुगे आणि केक त्याच्या मुलीला परत. अक्षता मात्र सरांनी काढू दिल्या नाहीत. मग दहा दिवस दुपारी गोदूबाई ट्रंक घेऊन येत, एकेक कार्ड मोठ्याने वाचत, आणि चंद्रभागा रास टाइप करी.

सर दाराशी उभे राहून हे बघत असत. चौथ्या दिवशी त्यांच्या डोक्यात उजेड पडला. दहाव्या दिवशी वेबसाइटवर लुकलुकणारी अक्षरं आली: 'आमच्याकडे प्रत्येक रास माणसाने तपासलेली! अशी सोय ठाणे जिल्ह्यात प्रथमच!' नवी पाच हजार पत्रकं छापली. आणि ड्रॉवर उघडून त्यांनी चंद्रभागेचं पत्र काढलं.

"यापुढे बाहेरची कुठलीही लायब्ररी तुझ्या नजरेखालून गेल्याशिवाय आत येणार नाही. बोल, हुद्दा काय लिहू?"

"लिहा काहीतरी," ती म्हणाली.

"लायब्ररी तपासणारी, म्हणजे इंग्रजीत..." सर टाइप करू लागले. टायपिंग हीच त्यांची खरी विद्या, ते कधी अडले नाहीत.

हे टायपिंग चालू असतानाच नऊ मेचा साखरपुडा मोहन्यात बालवाडीच्याच खोलीत झाला. भिंतीवर अ आ ई लावलेलं, पाहुणे लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. सीतारामराव दोन लॅमिनेशन केलेले कागद सगळ्यांना फिरवून दाखवत होते. गोदूबाईंनी पिशवीतून तीनशे सतरा नंबरचं कार्ड काढलं, पाठीमागच्या सहा नकारांखाली एक आडवी रेघ मारली, आणि चंद्रभागेच्या हातात दिलं.

"डबा आणलाय मी. तूच टाक."

चंद्रभागेने कार्ड एकदा पुरतं वाचलं, बोट धरून. मग बिस्किटांच्या डब्याचं झाकण उघडलं.